मधुमेही पायाच्या जखमेत कोण कोण राहतं?

शुगरच्या माणसाच्या पायाची जखम महिना होत आला तरी भरत नाही, पट्टी सोडली की पू दिसतो, मग डॉक्टर म्हणतात, ‘‘कल्चर पाठवू.’’ दोन-तीन दिवसांनी लॅबमधून कागद मिळतो. वर एखादं भारदस्त लॅटिन नाव, खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकासमोर ‘एस’ (औषध लागू पडतं) नाहीतर ‘आर’ (लागू पडत नाही). रुग्णाचा मुलगा ते नाव रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर शोधतो आणि घर येईपर्यंत त्याची खात्री पटलेली असते, की वडिलांच्या पायात काहीतरी भयंकर शिरलंय.

नाशिकमधल्या एका लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या, टेबलावर मी काम करते. तो कागद तयार कसा होतो, त्यातल्या नावांना किती महत्त्व द्यायचं आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनामुळे आमची समजूत कुठे बदलली, ते सांगायचं आहे. सगळ्यांत महत्त्वाचं आधी सांगते. जखमेत जंतू सापडले म्हणजे जखमेला इन्फेक्शन झालं, असं नाही. त्वचा उघडी पडली की काही तासांत जंतू तिथे मुक्काम ठोकतात, माझ्या-तुमच्या जखमेतही. इन्फेक्शन झालंय की नाही हे लॅब ठरवत नाही. ते डॉक्टर पाय बघून ठरवतात.

त्यासाठी ठरलेली लक्षणं आहेत: सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे गेलेली लाली, दुखणं, गरम लागणं, पू. यांतली किमान दोन हवीत. लाली दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पसरली, किंवा जखम स्नायू-हाडापर्यंत गेली, तर प्रकरण मध्यम. ताप, जोरात चालणारी नाडी, वाढलेला श्वास, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गडबड यांपैकी दोन गोष्टी सोबत असतील तर गंभीर. मात्र मधुमेहात ही लक्षणं फसवतात. पाय बधिर असेल तर दुखणार काय? रक्तपुरवठा कमी असेल तर लाली नीट दिसत नाही. पाय धोक्यात आलाय तरी ताप नाही, असे रुग्ण कमी नाहीत. म्हणून ‘‘ताप नाही ना, मग बघू सोमवारी’’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता आधी पायाचं बोलू, कारण जंतूंची पाळी नंतर येते. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की शरीरातल्या सगळ्यांत लांब नसा, म्हणजे पायाकडे जाणाऱ्या, आधी खराब होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळपायाची आग होते. पुढे तीही थांबते आणि माणसाला वाटतं, बरं झालं, त्रास गेला. खरं तर पाय बधिर झालेला असतो. चालता चालता चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर दुसरं कुणीतरी सांगतं. घाम आणणाऱ्या नसाही जातात, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात. बोटांचा आकार थोडा बदलतो, तळव्यावर एकाच जागी भार येतो, तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली रक्त साकळून आतल्या आत जखम होते. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही.

निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली उतरल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्याच दिवसांत शेकोटीपाशी पाय शेकत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तळव्याला फोड आलेले दिसतात. जाळ जवळ आहे हे डोळ्यांना कळतं, पायाला कळत नाही. उन्हाळ्यात हेच काम घाटावरची तापलेली फरशी करते.

बधिर पाय हेच मूळ आहे, हे जगाला शिकवण्यात भारताचा मोठा वाटा आहे, आणि तो मधुमेहातून नाही, कुष्ठरोगातून आला. पॉल ब्रँड हे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तोपर्यंत समज असा, की कुष्ठरोग्याची बोटं रोगानेच झडतात. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की संवेदना गेल्यामुळे न कळत होणाऱ्या इजा आणि त्यानंतरचं इन्फेक्शन बोटं खातं. १९६६ मध्ये ते अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले आणि तिथून हाच विचार मधुमेही पायाकडे वळला. आज डॉक्टर तळव्याला नायलॉनचा एक बारीक धागा टोचून ‘कळतंय का?’ विचारतात, त्या १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची चाचणीही कार्व्हिलमधल्या कामातून रुळली. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल मुळात वेल्लोरला कुष्ठरुग्णांसाठी घडली. चप्पल दिसायला साधी आहे म्हणून लोक ती घालायला लाजतात, लग्नाकार्यात तर हमखास काढून ठेवतात.

बधिरपणाच्या जोडीला पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असतात आणि वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी सुस्तावलेल्या असतात. म्हणजे दार उघडं, राखणदार झोपलेला. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरतात. अशा जखमांपैकी निम्म्याहून अधिक जखमांना इन्फेक्शन होतं, आणि मध्यम-गंभीर इन्फेक्शन झालेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला पायाचा काही ना काही भाग गमवावा लागतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने भारतातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख सांगितला. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

आता टेबलाकडे येऊ. जखमेतला ऊतीचा तुकडा आला की थोडा भाग काचेवर पसरून ग्रामची रंगक्रिया करतात. हान्स ख्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टराने १८८४ मध्ये ती मांडली, आणि एवढ्या वर्षांनंतरही सकाळचं पहिलं काम तेच. जांभळा रंग धरून ठेवणारे जंतू ग्राम-पॉझिटिव्ह, रंग सोडून गुलाबी होणारे ग्राम-निगेटिव्ह. गुलाबीवाल्यांच्या अंगावर एक जादा बाहेरचं आवरण असतं, त्यामुळे बरीच औषधं त्यांच्या आतपर्यंत पोहोचतच नाहीत. हा फरक पाच-दहा मिनिटांत कळतो आणि डॉक्टरांना पहिलं औषध निवडायला तेवढाही उपयोगी पडतो.

बाकीचा नमुना रक्त घातलेल्या अगारवर (जंतूंना वाढायला दिलेली जेली) आणि मॅकॉन्की अगारवर रेघोट्या मारून इन्क्युबेटरमध्ये जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटा काढल्या की अनुभवी डोळ्याला अर्धी ओळख तिथेच पटते. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या वसाहती (एका जागी वाढलेल्या जंतूंचे ठिपके) गोल, फिकट सोनेरी, भोवती रक्त विरघळल्याची स्वच्छ कडी. क्लेबसिएला जाडजूड आणि चिकट, तारेने उचललं तर लाळेसारखी तार निघते. प्रोटियस एका जागी बसतच नाही. जिथे ठेवला तिथून लाटांसारखी वर्तुळं करत अख्ख्या प्लेटवर पसरतो आणि बाकीच्यांच्या वसाहती झाकून टाकतो. त्या दिवशी आमची चिडचिड ठरलेली, कारण त्याच्याखाली दबलेला दुसरा जंतू वेगळा काढण्यात आणखी एक दिवस जातो.

आणि स्युडोमोनास. प्लेट हिरवट झालेली असते. त्याने सोडलेली निळी-हिरवी रंगद्रव्यं अगारमध्ये झिरपतात. तोच हिरवेपणा कधी कधी ड्रेसिंगच्या कापसावरही दिसतो, नर्स त्यावरूनच ओळखतात. शिवाय त्याला वास असतो: गोडसर, पिकल्या द्राक्षांसारखा. प्लेट हुंगायची नाही हा लॅबचा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण इन्क्युबेटरचं दार उघडलं की वास आपणहून नाकात येतो. त्यामागचं रसायन २-अमिनोअ‍ॅसिटोफेनोन. काही जातीच्या द्राक्षांच्या वासातही ते असतं, आणि पांढऱ्या वाइनमध्ये वाढलं तर वाइनवाले तो दोष मानतात. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहून मला हा वास नकोसा होतो, याला काय म्हणावं!

हे वर्णन लांबवलं त्याला कारण आहे. परदेशी पुस्तकं वाचून शिकलेल्या पिढीला मधुमेही पाय म्हटलं की पहिलं नाव आठवतं स्टॅफिलोकोकस ऑरियस, दुसरं स्ट्रेप्टोकोकस. थंड हवेच्या देशांत ते खरंही आहे. आपल्याकडे चित्र निराळं निघतं. दिल्लीच्या एम्समधल्या अभ्यासाने २००६ मध्ये ८० रुग्णांच्या जखमांमधून १८३ जंतू वेगळे केले, म्हणजे दर रुग्णामागे सरासरी २.३. त्यांतले ५१.४ टक्के ग्राम-निगेटिव्ह होते, ३३.३ टक्के ग्राम-पॉझिटिव्ह आणि उरलेले १५.३ टक्के प्राणवायूशिवाय वाढणारे. अनेक औषधांना दाद न देणारे जंतू ७२ टक्के रुग्णांमध्ये सापडले. त्यानंतर भारतातल्या कितीतरी वैद्यकीय महाविद्यालयांमधून अशीच कामं झाली. एमडी मायक्रोबायोलॉजीच्या प्रबंधाला हा विषय नेहमीचाच. स्युडोमोनास, ई. कोलाय, क्लेबसिएला, प्रोटियस, असिनेटोबॅक्टर ही नावं त्यांत पुन्हा पुन्हा वर येतात. क्रम मात्र शहरागणिक, अगदी हॉस्पिटलगणिक बदलतो. म्हणूनच चेन्नईचे आकडे नाशिकला जसेच्या तसे लावू नयेत, आणि मोठ्या हॉस्पिटलचे आकडे दिंडोरीच्या दवाखान्याला तर मुळीच नाही. मोठ्या हॉस्पिटलात पोहोचणारा रुग्ण आधीच दोन-तीन अँटिबायोटिकचे कोर्स करून आलेला असतो. त्याच्या पायात सापडतात ते त्या औषधांतून वाचलेले.

मधुमेही पायाच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा हवामानाचा फरक मान्य केला आहे. समशीतोष्ण देशांत स्युडोमोनासला धरून अंदाजाने औषध सुरू करू नका, असं त्या सांगतात. पण उष्ण प्रदेशात राहणाऱ्या, मध्यम किंवा गंभीर इन्फेक्शन झालेल्या रुग्णाच्या त्याच जखमेत गेल्या काही आठवड्यांत तो सापडला असेल तर त्याला धरून चाला.

आपल्याकडे असं का? एकच उत्तर नाही. स्युडोमोनासला ओल आवडते, पाणी, चिखल, ओले पट्टे, ओली चप्पल. द्राक्षबागेत आणि कांद्याच्या वाफ्यात अनवाणी पाणी धरणारा माणूस, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या, तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची अनवाणी फेरी, नवरात्रात वणीच्या गडापर्यंतची पायी वारी. हे सगळे रस्ते शक्य आहेत. उशिरा दवाखान्यात येणं हे एक कारण, आधी खाल्लेली अँटिबायोटिकं हे दुसरं. आतड्यातले जंतू हाताने पायापर्यंत पोहोचतात, असंही मत मांडलं गेलंय. माझा स्वतःचा कल औषधांच्या कारणाकडे जास्त आहे, पण ते टेबलावर बसून केलेलं निरीक्षण समजा.

नमुना कसा घेतला यावर तर अर्धा रिपोर्ट ठरतो. जखमेच्या वरवरून कापसाची काडी, म्हणजे स्वॅब, फिरवली तर वर बसलेले सगळे उपरे जंतू येतात आणि खोल मांसात खरी आग लावणारा मागेच राहतो. मार्गदर्शक सूचना सांगतात, की जखम आधी साफ करा, मेलेलं मांस काढा, मग तळातून ऊतीचा तुकडा खरवडून किंवा कापून घ्या. शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. प्रत्यक्षात? पट्टी सोडल्यासोडल्या पुवात बुडवलेला स्वॅब येतो. कधी चार दिवस औषध चालू असताना येतो. एकदा तर एका रुग्णालयातून हाडाचा छान तुकडा आला, पण फॉर्मॅलिनमध्ये. बायोप्सीला फॉर्मॅलिन हवं, कल्चरला निर्जंतुक डबीत थोडं सलाइन. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग उगवायचं काय? रुग्णाला दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर घ्यावं लागलं.

‘नो ग्रोथ’ लिहिलेला रिपोर्टही नीट वाचायला हवा. जखमेला कुजका वास येतोय आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, असं झालं तर बहुधा आत प्राणवायूशिवाय जगणारे जंतू आहेत. बॅक्टेरॉइड्स, पेप्टोस्ट्रेप्टोकोकस अशी ही मंडळी. त्यांना वाढवायला वेगळी बंद बरणी आणि तातडीची वाहतूक लागते. ती सोय सगळीकडे नसते.

आता त्या प्रश्नाकडे, जो प्रत्येक घरात विचारला जातो: रिपोर्टमध्ये औषध ‘एस’ आहे, तेच चालू आहे, तरी जखम बरी का होत नाही?

आपल्या भागात ठिबक असलेल्या शेतकऱ्याला याचं उत्तर अर्धं ठाऊक असतं. लॅटरल उघडून आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागतो, नुसतं पाणी सोडून तो निघत नाही, मग क्लोरीन सोडून नळ्या धुवाव्या लागतात. तो थर जंतूंनीच केलेला असतो. जुनाट जखमेच्या तळाशीही असाच थर असतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. जंतू एकमेकांना आणि मांसाला चिकटतात, स्वतःभोवती साखर, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गिलावा घालतात आणि आत मंदगतीने जगतात. बरीच अँटिबायोटिकं वाढणाऱ्या, विभागणाऱ्या जंतूंना मारतात. जो जवळपास झोपलाय त्याला ती लागत नाहीत. आमच्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवतो तेव्हा समोर मोकळे, ताजे, भराभर वाढणारे जंतू असतात. चकतीभोवती किती मिलिमीटर जागा स्वच्छ राहिली ते मोजून ‘एस’ की ‘आर’ लिहितो. बायोफिल्ममधल्या जंतूबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

अमेरिकेतल्या एका गटाने २००८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जखमांचे तुकडे तपासले. जुनाट जखमांपैकी ६० टक्क्यांमध्ये बायोफिल्म दिसली, ताज्या जखमांमध्ये फक्त ६ टक्क्यांत. दुसऱ्या वर्षी डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पाहिलं, की जुनाट जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरियस पृष्ठभागाजवळ बसतो आणि स्युडोमोनास खोल. वरवरचा स्वॅब का फसवतो, ते इथे डोळ्यांना दिसलं.

मग आला जनुकीय वाचनाचा काळ. प्लेटवर उगवायची वाट न पाहता नमुन्यातला सगळा डीएनए वाचायचा आणि कोण कोण हजर आहे ते काढायचं. यातून पहिला धक्का बसला तो गर्दीचा. प्लेटवर दोन-तीन जंतू उगवायचे, डीएनएमध्ये कितीतरी जास्त निघाले, बरेचसे प्राणवायू न चालणारे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एलिझाबेथ ग्राइस यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की जखम जितकी खोल तितकी स्टॅफिलोकोकसची हिस्सेदारी कमी आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्यांची जास्त. जखम जितकी जुनी तितकी वस्ती मिश्र. याच वर्तुळातल्या २०१६ च्या कामात १०० रुग्णांपैकी बहुतेकांच्या जखमांत बुरशीही सापडली, आणि बुरशी-जंतूंची मिश्र वस्ती भरायला उशीर लागणाऱ्या जखमांशी जोडलेली दिसली. साध्या कल्चरमध्ये बुरशी आम्ही सहसा शोधतही नाही.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो २०१९ चा निष्कर्ष. जखमांचा काही आठवडे माग काढला, तेव्हा दिसलं की अँटिबायोटिकने जखमेतल्या एकूण वस्तीत फारसा फरक पडला नाही. जखम खरवडून साफ केल्यावर मात्र वस्ती बदलली, आणि ज्यांच्या जखमेत हा बदल झाला त्यांच्या जखमा चांगल्या भरल्या. शिवाय स्टॅफिलोकोकस ऑरियस जवळपास सगळीकडे होता, पण त्याचे काही ठरावीक वाण फक्त न भरणाऱ्या जखमांत होते. म्हणजे रिपोर्टवर नाव तेच, स्वभाव निराळा. आमचा कागद नाव सांगतो, वाण सांगत नाही.

त्याच कामातलं दुसरं पात्र अल्कॅलिजेनिस फिकॅलिस. हा जंतू प्लेटवर दिसला तर बरेचदा ‘बाहेरून आलेला असेल’ म्हणून बाजूला ठेवला जातो. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्याने जखम भरायला मदत केली. २०२४ मध्ये त्यामागचं कारणही पुढे आलं: मधुमेही जखमेत मांस जोडणाऱ्या धाग्यांना तोडणारी विकरं (एन्झाइम) वाजवीपेक्षा जास्त असतात, हा जंतू त्यांना आवर घालतो आणि त्वचेच्या पेशी पुढे सरकू लागतात. माणसांवरचा उपचार यातून आलेला नाही, पण जखमेतला प्रत्येक जंतू मारलाच पाहिजे या कल्पनेला तडा गेला आहे.

मारायचं म्हटलं तरी साधनं आटत चाललीत. दिल्लीचं नाव चिकटलेलं एनडीएम-१ हे विकर २००८ मध्ये एका स्वीडिश रुग्णाच्या जंतूत सापडलं. कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना ते निकामी करतं. आता क्लेबसिएलाच्या रिपोर्टमध्ये वरपासून खालपर्यंत ‘आर’ची रांग पाहणं आम्हाला नवं राहिलेलं नाही. त्यामुळे ज्या जखमेला लाली, सूज, पू काहीच नाही तिला ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक देऊ नका, असं मार्गदर्शक सूचना स्पष्ट बजावतात. त्याने जखम लवकर भरत नाही, पुढच्या वेळेसाठी फक्त हट्टी जंतू निवडून ठेवले जातात. इन्फेक्शन खरंच असेल तर मऊ भागाला साधारण एक ते दोन आठवडे औषध पुरतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने तीन गोळ्या आणायच्या आणि बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, हा प्रकार दोन्ही बाजूंनी वाईट.

हाडाचं गणित वेगळं. निर्जंतुक बोथट सळई जखमेत घालून तळाशी टणक लागतं का ते डॉक्टर बघतात. लागलं तर हाडापर्यंत गेल्याची शंका पक्की होत जाते, मग एक्स-रे, ईएसआर, गरज पडली तर एमआरआय. मध्यम इन्फेक्शनमध्ये सुमारे २० टक्के आणि गंभीरमध्ये ५० ते ६० टक्के रुग्णांचं हाड बाधित असतं. हाड न काढता औषधावर ठेवायचं तर सहा आठवडे. इतके दिवस औषध द्यायचं तर ते अंदाजाने का द्यावं? इथे हाडाच्या तुकड्याचं कल्चर खरंच मोलाचं ठरतं.

हट्टी जंतूंवर तोड म्हणून जंतूंनाच खाणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरियोफाज, पुन्हा चर्चेत आलेत. फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांना हे नाव दिलं. जॉर्जियातल्या त्बिलिसीमध्ये १९२३ पासून त्यांच्यावर संस्था उभी आहे. बनारस हिंदू विद्यापीठात २० रुग्णांच्या न भरणाऱ्या जखमांवर फाज लावून केलेला एक छोटा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निकाल आशा वाटावी असे होते, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. नेहमीच्या उपचारात ही गोष्ट अजून आलेली नाही. फाजची अडचण अशी, की प्रत्येकाचा ठरावीक जंतू असतो, एका वाणाला खाणारा शेजारच्या वाणाला तोंड लावत नाही. म्हणजे आधी नेमकं कल्चर हवंच.

फाजचा विषय निघाला की हँकिन या ब्रिटिश जंतुशास्त्रज्ञाचं १८९६ चं निरीक्षण लोक आवर्जून सांगतात, गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे. ते खरं आहे. पण त्यावरून २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर जखमेचा पाय बुडवायचा बेत कुणी करत असेल तर करू नये. त्या पाण्यात फाज किती ते माहीत नाही, ओल आणि गर्दी मात्र नक्की असते. घाटावर अनवाणी उतरायचंच असेल तर ज्यांच्या पायाला कळत नाही त्यांनी आधी आणि नंतर तळवे आरशात बघावेत, किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगावेत.

आणि नमुना लॅबकडे द्यायची वेळ आलीच तर फॉर्मवर फक्त ‘पू’ लिहून पाठवू नका. जखम पायावर नेमकी कुठे आहे, किती दिवसांची, आधी कोणतं अँटिबायोटिक चालू होतं, शेवटचा डोस कधी घेतला आणि तुकडा साफ केल्यानंतर तळातून घेतलाय की वरून, एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्लेटवर चार प्रकारच्या वसाहती उगवल्या तर त्यांतली कोणती रिपोर्टमध्ये घ्यायची आणि कोणती सोडायची, हे आम्ही त्या चार ओळींवरून ठरवतो.